वाचक विचारतात : घराला वाचा फुटली तर

मागच्या अंकात ग्रीक शोकांतिकांवर लिहिताना मी जाता जाता म्हणून गेले होते, की या नाटकांत माणसांइतक्याच वस्तूही जित्या असतात. त्या एका वाक्यावर पत्रांचा गठ्ठा आला. चेतनगुणोक्ती हा शाळेच्या व्याकरणातला अलंकार लोकांना अजून इतका छळत असेल असं वाटलं नव्हतं. एकसारखी पत्रं एकत्र केली आहेत. लिहिणाऱ्यांची नावं नेहमीप्रमाणे दिलेली नाहीत.

बाई, मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. गाइडात व्याख्या आहे : निर्जीव वस्तू माणसासारखी वागते-बोलते असं वर्णन म्हणजे चेतनगुणोक्ती. खाली मर्ढेकरांचं ‘डोकी अलगद घरे उचलती’. ते कळलं. पण आम्हाला प्रॉमिथ्यूसचं नाटक आहे आणि त्यात ‘सत्ता’ आणि ‘बळजबरी’ अशी चक्क पात्रंच आहेत. हा अलंकार म्हणायचा की पात्र? आणि दहा मार्कांना लिहायचं काय?
— विद्यार्थिनी, जुळे सोलापूर

दोन्ही म्हण. नाटकात ही चेतनगुणोक्ती कधी कुणाच्या तोंडून येते, कधी स्वतःच्या पायांनी चालत येते. कवितेत घरांनी डोकी उचलली तर ती आपल्या मनात उचलतात. नाटकात सत्तेला प्रवेश असतो, चाल असते, कपडेपट असतो, आणि ती डाव्या विंगेतून येणार की उजव्या, हे कुणाला तरी ठरवावं लागतं.

व्याख्या लिहिलीस की दोन मार्क संपले. उरलेल्या आठांसाठी स्वतःला एवढंच विचार : हे जिवंत केल्यामुळे नाटकात कुणाचं काय काम झालं?

आता तुझ्याच नाटकाचा पहिला प्रवेश काढ. एस्किलसच्या नावावर असलेलं हे नाटक. ते खरंच त्याचं का, यावर अभ्यासकांचं भांडण आहे. त्यात तू पडू नकोस. जगाच्या टोकाचा ओसाड कडा. क्रॅटोस म्हणजे सत्ता आणि बिया म्हणजे बळजबरी, ही दोघं प्रॉमिथ्यूसला पकडून आणतात. माणसांना विस्तव दिला हा त्याचा गुन्हा. खिळे ठोकायचं काम लोहारदेव हिफॅस्टसकडे. त्याचा हात उचलत नाही, कारण समोरचा आपल्याच गणगोतातला. क्रॅटोस त्याच्या मानेवर बसल्यासारखा घाई करतो : ठोक, आणखी घट्ट, आता छातीतून पाचर घाल. हिफॅस्टस कुरकुरतो तेव्हा क्रॅटोस सुनावतो, की देवांचा राजा झ्यूस सोडून मोकळं कुणीच नाही. हे वाक्य अधोरेखित कर. सत्ता स्वतःच्या तोंडाने कबूल करते की तीसुद्धा हुकमाची ताबेदार आहे.

आणि बिया? एक अक्षर बोलत नाही. आम्ही कॉलेजच्या गॅदरिंगला एवढाच प्रवेश बसवला होता. बियाचं काम वसतिगृहातल्या एका उंच मुलीला दिलं, तर ती संहिता उलटसुलट करून म्हणाली, “मॅडम, माझे डायलॉग कुठायत?” मी म्हटलं, साखळीचं टोक तुझ्या हातात आहे, बास. प्रयोगात लोक क्रॅटोसचं ऐकत होते, पण बघत होते तिच्याकडे. पुढे दुसऱ्या एका संघाने बियाला पार्श्वसंगीतात किंकाळ्या दिलेल्या पाहिल्या. पार वाया गेलं ते. सत्तेला कारणं सांगावी लागतात, बळजबरीला नाही. नाटककाराने हे एका मुक्या पात्रात सांगून टाकलंय.

हे तिघं निघून गेल्यावर काय होतं ते मात्र विसरू नकोस, गाइडं हमखास विसरतात. इतका वेळ गप्प असलेला प्रॉमिथ्यूस पहिल्यांदा तोंड उघडतो तो कुणाशी बोलायला? आकाश, वेगवान वारे, नद्यांचे झरे, समुद्राच्या लाटांचं अगणित हसू, सगळ्यांची आई पृथ्वी, सगळं बघणारा सूर्य. ‘बघा माझं काय केलंय,’ असं तो त्यांना सांगतो. कड्यावर त्याला साक्षीदार उरलेला नाही, म्हणून तो साक्षीदार उभे करतो. पायांनी आलेली चेतनगुणोक्ती आणि तोंडून आलेली, दोन्ही एकाच प्रवेशात, एकीच्या पाठीला पाठ लावून. पहिलीने त्याला एकटं पाडलं आणि दुसरी त्या एकटेपणातून निघाली. एवढं लिहिलंस तर तपासणाऱ्याला मार्क कापायला जागा सापडायची नाही.

नाटकात माणसं भिंतीशी, तलवारीशी, वाऱ्याशी बोलतात. सत्तरी ओलांडली, पण खऱ्या आयुष्यात मी कुणाला असं बोलताना पाहिलं नाही. लेखकाला भाषा मिरवायची असते, बाकी काही नाही, असं माझं प्रामाणिक मत. राग नसावा.
— निवृत्त गिरणी कामगार, साखर पेठ

राग कशाला? माझे वडीलही साच्यावरच होते. म्हणून तुम्हालाच साक्षीला बोलावते. गिरणी चालू होती तेव्हा आपण भोंग्याबद्दल कसं बोलायचो? पहिला झाला, दुसरा झाला, ऊठ, डबा भर. भोंगा ‘व्हायचा’, जसे सात वाजतात तसा. मग गिरणीला कुलूप लागलं आणि त्याच आपल्या लोकांच्या तोंडी आलं, भोंगा मुका झाला. चालता होता तोवर तो यंत्र होता. बंद पडल्यावर त्याला तोंड आलं, मुकेपण आलं. हे कुठल्या लेखकाने शिकवलं नव्हतं, आणि चाळीत कुणी भाषा मिरवत नव्हतं. कुलूप लावणारा माणूस समोर नव्हता, ज्याला विचारावं तो सापडत नव्हता. मग बोलायचं कुणाबद्दल, तर भोंग्याबद्दल.

आता अडीच हजार वर्षं मागे चला. एस्किलसचं ‘अगामेम्नॉन’, इ.स.पू. ४५८. नाटक उघडतं ते राजवाड्याच्या छपरावर. एक पहारेकरी वर्षभर तिथे पडून आहे, कोपरांवर रेलून, कुत्र्यासारखा, असं तो स्वतःच म्हणतो. उन्हाळ्यात माळवदावर झोपणाऱ्या सोलापूरकराला रात्रभर चांदण्या मोजणं काय असतं ते वेगळं सांगायला नको. फरक इतकाच, की याला झोपायची परवानगी नाही. राजा लढायला गेलाय ते ट्रॉय शहर पडलं की डोंगरा-डोंगरावरून जाळ पेटत येणार, तो दिसला की राणीला सांगायचं, ही त्याची नोकरी. जाळ दिसतो, तो आनंदाने नाचतो, राजा परत येणार! आणि तिथेच त्याची जीभ आखडते. तो म्हणतो, बाकीचं मी बोलत नाही, माझ्या जिभेवर भला मोठा बैल उभा आहे. आणि मग म्हणतो, या घरालाच वाचा फुटली तर ते अगदी स्पष्ट सांगेल.

राजा दहा वर्षं बाहेर. घरात राणी क्लायटेम्नेस्ट्रा आणि तिचा प्रियकर एजिस्थस यांचं काय चाललंय हे या नोकराला ठाऊक आहे. बोलला तर जीव जाईल, आणि न बोलून राहवत नाही. म्हणून तो बोलण्याचं काम घराच्या गळ्यात घालतो आणि तेही ‘जर’ लावून. यात मिरवणं कुठे आलं? चाकर माणूस मालकाविषयी जसा बोलेल, तसाच हा बोलतोय. आपणही साहेबाबद्दल बोलताना भिंतीला कान असतात म्हणत आवाज खाली आणतोच की. कान आहेत म्हटल्यावर भिंत जिवंतच झाली. ती आपल्याला चालते, कारण आपण घाबरलेलो असतो.

पण खरी कमाल पुढे आहे, तिच्यासाठी हे नाटक वाचा. राजा येतो, सोबत ट्रॉयची पकडून आणलेली राजकन्या कॅसांड्रा. तिला पुढचं दिसतं, पण तिच्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही असा तिला शाप आहे. ती दाराशी अडते, आत जायला तयार होत नाही. म्हणते, हे घर श्वास सोडतंय, त्याला गळत्या रक्ताचा वास येतोय. वृद्धांचं वृंदगान, म्हणजे नाटकात एका सुरात गाणारा-बोलणारा समूह, तिची समजूत घालतं, की अहो, आत बळी दिलेत त्यांचा वास तो. सुरुवातीला पहारेकऱ्याने म्हटलं होतं, घराला आवाज असता तर. इथे घराला श्वास मिळाला. अजून बोलत नाही, पण तोंड उघडलंय. थोड्याच वेळात आतून राजाची किंकाळी येते, आणि दार उघडतं तेव्हा प्रेतं दिसतात. एकाच घराला नाटककाराने टप्प्याटप्प्याने जिवंत केलंय आणि प्रत्येक टप्प्याला ते वेगळ्या माणसाने म्हटलंय : आधी ज्याला बोलायची भीती त्याने, मग जिचं कुणी खरं मानत नाही तिने. राजा मात्र घराबद्दल असं एकदाही बोलत नाही. त्याला ते नुसतं घरच वाटतं, आणि तो आत जातो.

तलवारीचं म्हणाल तर सोफोक्लिसचा एजॅक्स. मरायला निघालेला हा वीर तलवार मूठ खाली करून जमिनीत रोवतो आणि म्हणतो, मारणारा कसा नीट उभा आहे. ती तलवार हेक्टरने दिलेली, म्हणजे वैऱ्याची भेट. रोवली त्यानेच, माती घट्ट दाबली त्यानेच, तरी मारणारा दुसरा. आयुष्यभर समोरासमोर लढलेल्या माणसाला मरतानाही समोर वैरी हवा होता, असं मला वाटतं. तुम्ही वाचून ठरवा आणि पटलं नाही तर पुन्हा पत्र टाका.

एकपात्री स्पर्धेत मी किंग लिअरचा वादळातला उतारा केला. परीक्षक म्हणाले, आवाज छान, पण सगळं एका पट्टीत. वादळाशी बोलताना दुसरी पट्टी आणायची कुठून? नटसम्राटचा उतारा करताना तरी काय वेगळं करू?
— हौशी नट, सात रस्ता

परीक्षकांचं बरोबर आहे. हुतात्मा स्मृती मंदिरात बसून मी इतके लिअर पाहिलेत, की डोळे मिटून सांगेन, आता हा वर छताकडे बघणार आणि दोन्ही हात पसरणार. वादळ म्हणजे मोठा आवाज असं नट धरून चालतात. वादळ म्हणजे कोण, हे विचारत नाहीत.

उतारा पुन्हा वाचा, हळू. दोन लेकींना राज्य वाटून दिलेला आणि त्यांनीच दाराबाहेर ठेवलेला हा लिअर आधी वाऱ्याला हुकूम सोडतो, गाल फुटेस्तोवर वाहा. अजून राजाच आहे तो. मग म्हणतो, मी तुम्हाला निर्दय म्हणत नाही. तुम्हाला मी राज्य दिलं नाही, लेकरं म्हटलं नाही, तुम्ही माझं काही देणं लागत नाही. इथे वारा परका झाला आणि परका म्हणून निर्दोष सुटला. लगेच पुढे, मी तुमचा गुलाम, गरीब, दुबळा, सगळ्यांनी झिडकारलेला म्हातारा. आता वारा धनी झाला. आणि त्याच दमात उलटतो : पण तुम्ही हुजरे आहात, माझ्या दोन पोरींना सामील होऊन या पांढऱ्या डोक्यावर चालून आलात. काही ओळींत वारा चाकर, परका, धनी आणि पुन्हा चाकर, पण आता पोरींचा, अशा चार जागी उभा राहिला. चार नाती म्हणजे चार पट्ट्या. शोधायला बाहेर जायला नको.

आणि एक. लिअर त्या माळावर एकटा नाही. विदूषक शेजारी भिजतोय, त्याला म्हणतोय, आत जाऊन पोरींची मनधरणी कर. जिवंत माणूस हाताच्या अंतरावर असताना हा वाऱ्याशी बोलतो. कारण ज्यांना ऐकवायचंय त्या दोघी दार लावून घरात आहेत. वाऱ्याशी बोलताना त्या दार लावलेल्या घराकडे तोंड करून बघा. छताकडे नको.

याच्या अगदी उलटा मॅकबेथ, शिरवाडकरांच्या ‘राजमुकुट’मुळे आपल्याकडे १९५४पासून ओळखीचा. राजाचा खून करायला त्याच्या खोलीकडे जाताना तो जमिनीला विनवतो, माझी पावलं ऐकू नकोस, नाहीतर दगड माझा पत्ता सांगतील. लिअरला ऐकणारं कुणी मिळत नाही म्हणून तो वाऱ्याला कान देतो. मॅकबेथला दगडालाही कान आहेत याची धास्ती. दोन्ही उतारे पाठोपाठ म्हणून बघा, घसा आपोआप वेगळा लागेल.

नटसम्राटमध्ये तर गाडी भलत्याच रुळावर आहे. १९७० साली शिरवाडकरांनी लिअरच्या धाग्यावरून हे नाटक उभं केलं, पण वादळाशी भांडण आणलं नाही. आप्पासाहेब वादळाला हाक मारत नाहीत, स्वतःच तुफान होतात, आणि हे तुफान काय मागतं? घर. ‘एका तुफानाला कुणी घर देता का?’ लिअरने वाऱ्याला माणूस केलं, इथे माणसाला वारा केला आणि त्या वाऱ्याला पुन्हा माणसाची गरज चिकटवली, भिंत हवी, छप्पर हवं. ज्याला कुठेच कोंडता येत नाही ते कुणाच्या तरी पडवीत जागा मागतंय. स्पर्धांमधून ही ओळ गर्जना करून म्हणतात, टाळ्याही मिळतात. डॉ. लागूंच्या नंतर जो तो त्यांच्या आवाजाच्या मागे धावतो, हेही एक कारण. पण गर्जना करणाऱ्याला घर कोण देईल? मागा ती ओळ. दारोदार हिंडून थकलेला माणूस मागतो तशी मागा.

मी वकिली केली. जुन्या दंडविधानात कलम ८४ होतं : वेडाच्या भरात, आपण काय करतो हे न कळता केलेलं कृत्य गुन्हा नव्हे. युरिपिडीसच्या ‘हेराक्लीस’मध्ये वेड स्वतःच रंगमंचावर येतं आणि नायकाच्या हातून बायको-मुलं मारवतं. मग नायक निर्दोष आणि शोकांतिका संपली, नाही का? वेडाला पात्र करून लेखकाने आपलाच खटला कमकुवत केला.
— वाचक, बार्शी

वकीलसाहेब, प्रश्न आवडला. फक्त आरोपीच्या पिंजऱ्यात तुम्ही कुणाला उभं केलंत ते पुन्हा पाहू.

वेडाचं नाव लिसा, रात्रीची मुलगी. ती नाटकाच्या ऐन मध्यावर येते. तोवर हेराक्लीस परत आलाय, छळणाऱ्या राजाला त्याने मारलंय, बायको-पोरं वाचली आहेत, वृंदगान आनंदात आहे. नाटक तिथे संपलं असतं तरी चाललं असतं! अशा वेळी घराच्या माथ्यावर दोघी दिसतात, देवांची निरोप्या आयरिस आणि ही लिसा. हुकूम झ्यूसची बायको हेरा हिचा : याला वेड लाव, याच्या हाताने याची मुलं मार. आणि वेड काय म्हणतं? हे करू नका. या माणसाने जमीन आणि समुद्र माणसांसाठी निवळला, देवांचा मान राखला, विचार करा. आयरिस तिला झापते, की हेराने तुला शहाणपण शिकवायला पाठवलेलं नाही. मग लिसा सूर्याला साक्षी ठेवते, की जे करायची इच्छा नाही ते मी करते आहे. आणि घरात उतरते.

म्हणजे त्या सगळ्या देवलोकात शुद्धीवर एकटं वेडच आहे. युरिपिडीसने वेडाला पात्र केलं ते नायकाची सुटका करायला नाही, असं मी समजते. पात्र केल्यामुळे वेडाला ‘नको’ म्हणता आलं. नुसता झटका आला असता तर तो नाही म्हणू शकला नसता, आणि मग हुकूम देणाऱ्याकडे आपलं बोट गेलं नसतं. तुमच्या भाषेत सांगायचं तर हत्यार माफीचा साक्षीदार झालं आणि त्याने सूत्रधाराचं नाव घेतलं.

आता तुमचा दुसरा मुद्दा, शोकांतिका संपली का. कायद्याने हेराक्लीस सुटेल, कबूल. शुद्धीवर आल्यावर तो काय करतो ते बघा. मरायला निघतो; अथेन्सचा राजा थिसियस येऊन त्याला अथेन्सला चल म्हणतो; तो जगायचं ठरवतो, आणि निघताना धनुष्यबाणाशी अडतो. घ्यावं की टाकावं? तो म्हणतो, हे माझ्या बरगड्यांवर आपटत राहील आणि बोलेल : आमच्याच मदतीने तू बायको-पोरांना मारलंस, तुझ्या लेकरांचे मारेकरी तू अंगावर बाळगतोस. तरी तो ते उचलतो, कारण टाकलं तर वैरी त्याला निःशस्त्र गाठतील.

बघा, लिसा आली आणि गेली. तिच्याबद्दल तो पुन्हा काही म्हणत बसत नाही. तिला आपण प्रेक्षकांनी पाहिलं, त्याने पाहिलेलंच नाही. त्याला ऐकू येतं ते धनुष्य. जे वेड त्याच्या हातात नव्हतं ते नाटककाराने त्याच्या अंगाबाहेर उभं केलं, आणि जे त्याच्या हातात होतं त्याला त्याच्या बरगड्यांशी बोलायला लावलं. कलम ८४ पहिल्याला लागू पडेल. दुसऱ्याला कुठलं कलम लावणार?

आपल्या सोलापूरच्या गड्डा यात्रेत सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचं लग्न लागतं. संमती कट्ट्यावर अक्षता पडतात, दुसऱ्या दिवशी होम. काठी नवरदेव झाली, मग हीसुद्धा चेतनगुणोक्तीच म्हणायची का?
— वाचक, बाळी वेस

मी म्हणणार नाही. अलंकारात म्हणणाऱ्याला ठाऊक असतं, की घर खरोखर बोलणार नाही. अक्षता टाकणाऱ्या हजारोंच्या मनात तसं ‘जर’ नसतं. सात नंदीध्वज, म्हणजे यात्रेतल्या उंच मानाच्या काठ्या, तोलत, वाकू न देता नेणाऱ्यांना विचारा, ते काठीबद्दल कसं बोलतात. मात्र तुमच्या प्रश्नात तथ्य आहे. अथेन्समध्येही ही नाटकं म्हणजे नुसती संध्याकाळची करमणूक नव्हती. डायोनायससच्या उत्सवात व्हायची, आणि त्या देवाची मूर्ती मिरवत नाट्यगृहात आणून ठेवायचे. देव स्वतः प्रेक्षकांत बसलाय म्हटल्यावर मंचावर वेड चालत आलं तर कुणाला दचकायला नको. जानेवारीत भर थंडीत संमती कट्ट्याजवळ उभं राहिलेल्या सोलापूरकराला ते प्रेक्षक आपल्यापेक्षा लवकर कळतील, एवढंच म्हणते.

राज्य नाट्य स्पर्धेसाठी युरिपिडीसचं ‘अल्सेस्टिस’ मराठीत बसवतोय. पहिल्याच प्रवेशात मृत्यू येतो. काळा झगा आणि कवटीचा मुखवटा शिवायला टाकलाय, धुराचं मशीन भाड्याने सांगितलंय. शिवाय हेराक्लीस आणि मृत्यू यांच्या कुस्तीसाठी स्टंटवाला मुलगा हवाय. ओळखीत कुणी आहे का?
— तरुण दिग्दर्शक, विजापूर रोड

शिंप्याला आजच फोन कर आणि झगा थांबव.

हे नाटक इ.स.पू. ४३८चं. अॅडमेटस राजाच्या वाट्याचं मरण त्याच्याऐवजी दुसऱ्या कुणी घेतलं तर चालेल अशी सवलत अपोलो देवाने मिळवून दिलीय. म्हातारे आईबाप नाही म्हणतात, बायको अल्सेस्टिस हो म्हणते. आज तिचा दिवस. मृत्यू तिला न्यायला येतो आणि दारात अपोलो दिसल्याबरोबर म्हणतो काय, तू इथे पुन्हा कशाला घुटमळतोयस, माझ्या हक्कात ढवळाढवळ करायला? हा भुताटकीचा सूर आहे का? हा वसुलीला आलेल्या माणसाचा सूर आहे. कागदपत्रं त्याच्याकडे चोख आहेत, आणि समोरचा वशिला लावतोय हे त्याला कळतंय.

अपोलो त्याला लालूच दाखवतो : बाई म्हातारी होऊन गेली तर थाटात पुरतील, तुझाच मान. मृत्यूचं उत्तर ऐक. म्हणतो, तुझा हा कायदा श्रीमंतांच्या सोयीचा आहे, ज्यांच्याकडे आहे ते म्हातारपणी मरण्याची सोय विकत घेतील. टाळी पडेल अशी ही जागा आहे, आणि ती कवटीआडून घुसमटत आली तर तिसऱ्या रांगेपलीकडे पोचायची नाही. नटाचा चेहरा मोकळा ठेव. नीट इस्त्रीचा सदरा दे. हातात तलवार मात्र असू दे, ती संहितेतच आहे : तिने तो मरणाऱ्याच्या केसांची बट कापतो आणि ते माणूस पाताळाच्या नावे लागतं. धूर अजिबात नको. हुतात्माच्या पहिल्या रांगेत खोकणारे बरेच असतात, आणि परीक्षकही तिथेच बसतात.

स्टंटवाल्या मुलाचं म्हणशील, तर कुस्ती रंगमंचावर होतच नाही. हेराक्लीस थडग्यापाशी दबा धरून मृत्यूला धरायला निघतो, आणि परत येतो तो बुरखा घेतलेल्या बाईला घेऊन. झटापट कुठे केली ते तो दोन वाक्यांत सांगतो. मृत्यू पहिल्या प्रवेशानंतर पुन्हा मंचावर येत नाही, तेव्हा तोच नट पुढे राजाच्या बापाचं काम करू शकेल. माणूस वाचेल, आणि एका प्रवेशात हक्काने न्यायला आलेलाच पुढे स्वतःचा जीव जपणारा म्हातारा होऊन आला, तर प्रेक्षक आपापसांत कुजबुजतील. कुजबुजू देत.